पहिला मान वन्संचा

इचलकरंजीच्या चौगुल्यांकडची नणंद आणि भावजय एका टेबलाशी उभ्या राहून गाणी वाजवतात आणि ती ऐकायला पुण्या-बेंगळुरूहून पोरं येतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थट्टाच वाटायची. वाटणारच. जिथं एका स्वयंपाकघरात दोघींचं जमायची मारामार, तिथं एका टेबलावर काय जमायचं! पण या दोघींचं जमलं होतं, आणि जमलं ते थेट केतकीच्या लग्नातच.

वरातीची गाणी नवऱ्याची थोरली बहीण पद्मजा लावत होती. तिचा धंदाच तो. शालू नेसलेल्या केतकीनं हातातला गुच्छ नवऱ्याकडे सोपवला, सरळ टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "वन्सं, पुढचं मी लावू?" बायकांनी तोंडाला पदर लावले. पद्मजानं नव्या भावजयीला पायापासून बिंदीपर्यंत न्याहाळलं, कानावरचा हेडफोन काढला आणि तिच्या हातात दिला. "लाव की. पण माझा ठेका मोडलास तर माप ओलांडू देणार नाही घरात."

केतकीनं ठेका मोडला नाही. वन्संनी लावलेल्या गाण्याच्या पोटात तिनं आपलं गाणं असं सोडलं, की कुठलं कुठं संपलं ते कुणाला कळलं नाही. मग वन्संनी तिच्यावर आणखी एक चढवलं. मग पुन्हा हिनं. वरात घरी पोचायला दोन तास उशीर झाला, आणि भरतेश बिचारा गुच्छ धरून घोड्याशेजारी उभा.

या प्रकाराला त्या जगात बॅक-टू-बॅक म्हणतात. दोन डीजे, एक टेबल. एक गाणं तुझं, एक माझं. आधी काही ठरवायचं नाही. तू काय लावलंस ते ऐकायचं आणि ते वाजत असतानाच त्याला साजेसं, नाहीतर मुद्दाम खोडी काढणारं उत्तर शोधायचं. एकटा डीजे भाषण करतो, पण दोघं असले की गप्पा होतात, आणि दुसऱ्यांच्या रंगलेल्या गप्पा चोरून ऐकायला कुणाला आवडत नाही? लोक नाचायला येत होते ते तर खरंच, पण त्याहून जास्त येत होते ते आता ही तिला काय बोलते ते बघायला.

दोघींचे नियम दोनच. सुरुवात वन्संनी करायची, कारण त्या मोठ्या. आणि दुसरीच्या गाण्याला हात लावायचा नाही. अगदीच ठेका सुटून सगळा घोळ व्हायची वेळ आली, तर तेवढ्यापुरता सावरायचा हात घालायचा. असा प्रसंग नऊ वर्षांत दोनदा आला असेल, आणि दोन्ही वेळा चूक केतकीची होती. वन्संचा ठेका कधी चुकत नव्हता. चौगुल्यांचं घर मागांच्या शेडला लागून. पाळण्यात असल्यापासून वन्सं मागांचा खडखडाट ऐकत झोपल्या होत्या, आणि माग बंद पडले की रडत उठायच्या म्हणे.

रात्रीच्या आवाजावर कडक बंदी आल्यापासून सगळे मोठे कार्यक्रम दुपारी व्हायला लागले, ते वन्संना फारच सोयीचं झालं. घर जैनांचं, त्यात वन्सं सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्या. चार वाजता पाच हजार पोरांना नाचवून त्या साडेसहाला भाकरी-आमटीच्या ताटावर हजर असायच्या.

असं सगळं छान चाललेलं असताना डॉ. हेमांगी सबनीस घरी आल्या.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत त्या काम करायच्या. माणसाच्या मेंदूला वेळ कशी कळते, हा त्यांचा विषय. बाई मोठ्या गोड. पाटावर मांडी घालून जेवल्या, आमटी दोनदा मागून घेतली, आणि मग सोप्या भाषेत समजावायला लागल्या.

"आपल्याला वाटतं आपण गाणं ऐकतोय. पण मेंदू गाण्याच्या पुढं पळत असतो हो. आता ठोका पडणार, आता पडणार, असा अंदाज बांधत. अंदाज बरोबर आला की थोडंसं बरं वाटतं. फारच बरोबर यायला लागला की कंटाळा येतो. आणि अंदाज हुकून पुन्हा जुळला, की मेंदू स्वतःलाच बक्षीस देतो. अंगावर काटा येतो ना, तो तेव्हा."

त्यांनी पिशवीतून एक मनगटाची पट्टी आणि हरभऱ्याच्या डाळीएवढी चकती काढली. पट्टी नाडी आणि घाम मोजते, नाडी चढली की लखलखते, कानामागं चिकटवलेली चकती मेंदूतल्या लहरी. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला हे आता देतात, कुणाची हरकत नसते. "आम्ही दीडशे कार्यक्रम मोजले. एकट्या डीजेपेक्षा दोघांच्या कार्यक्रमात लोकांना जास्त आनंद होतो, हे तर दिसलंच. पण तो होतो कुठं माहितीये? सांध्यावर. एकीचं गाणं दुसरीच्या हातात जातं त्या क्षणाला."

"हे सांगायला यंत्र कशाला पाहिजे?" वन्सं म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की मी."

सबनीसबाई मनापासून हसल्या. त्यांनी एक यंत्र बनवलं होतं, नाव दुवा. मिक्सरला जोडायचं. लोकांच्या पट्ट्या काय सांगताहेत ते बघून दुवा आवाजात अगदी बारीक फेरफार करणार आणि सांधे आणखी रंगतदार होणार. नेमके कसले फेरफार ते मात्र त्या सांगेनात. वाजवणारीला ते कळलं तर ती त्याच विचारात राहील आणि सगळं मोजमाप बिघडेल, असं त्यांचं म्हणणं. भरतेश कार्यक्रमांचं सगळं बघायचा. तो तर एका पायावर तयार झाला. वन्संनी खांदे उडवले. "आमच्या वाजवण्यात ढवळाढवळ नाही ना? मग जोडा काय जोडायचं ते."

सबनीसबाईंनी टॅब उघडला. "फक्त एक सांगा. दोघींत पहिली कोण आणि दुसरी कोण?"

"त्यात विचारायचं काय?" केतकी पटकन म्हणाली. "पहिला मान वन्संचा."

वन्सं गालातल्या गालात हसल्या. "शिकलीस हो!"

शिरोळजवळच्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात दुवाचा पहिला कार्यक्रम झाला. ऊन उतरत होतं, पोरं रंगात आली होती. केतकीचं गाणं चालू होतं आणि वन्संनी त्यावर आपलं चढवायला घेतलं. डोळे मिटलेले, मान डोलतेय, चेहऱ्यावर ते नेहमीचं समाधान. केतकीनं मात्र चमकून वर बघितलं. ठेका जुळलाच नव्हता. दोन गाण्यांचे ठोके एकमेकांच्या मागं-पुढं पडत होते, आणि ते अंतर वाढतच होतं. पुढच्या रांगेतल्या पोरांचे पाय अडखळले. काही जण वर बघायला लागले.

आता लक्षात येईल, आता येईल, म्हणून केतकी थांबली. वन्सं आपल्या डोलतच होत्या. शेवटी केतकीनं न राहवून हात पुढं केला, वन्संच्या डेकवरच्या, गाणं फिरवणाऱ्या तबकडीच्या कडेला दोन बोटं टेकवली आणि गाणं हलकेच पुढं ढकललं. ठोक्यावर ठोका बसला.

जो गलका उठला तो तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. एक दांडगा दाढीवाला तर रडत होता.

आणि वन्संनी डोळे उघडून तिचं मनगट धरलं होतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "का हात घातलास?"

"वन्सं, ठेका सुटला होता."

"सुटला नव्हता."

"अहो, खरंच सुटला होता. लोक अडखळायला लागले होते."

"केतकी, मी तीस वर्षं हेच करतेय. माझ्या कानात दोन्ही गाणी एकावर एक बसलेली होती. माझा ठेका मला कळत नाही व्हय?"

भरतेशनं रेकॉर्डिंग लावलं. आवारात उभ्या असलेल्या माइकनं पकडलेलं. वन्संचं गाणं आलं, लंगडायला लागलं, लंगडतच राहिलं, मग सावरलं. वन्संनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत बसल्या. घरी ताट वाढलं होतं, पण सूर्य मावळला होता आणि त्या तशाच झोपल्या.

एकदा झालं असतं तर विसरले असते सगळे. पण दर कार्यक्रमात एकदा, कधी दोनदा, वन्संचा ठेका सुटायला लागला. आणि सुटून सावरला की लोक वेडे व्हायचे. सबनीसबाईंच्या पडद्यावर आलेख असे चढत होते, की परदेशातली माणसं फोन करून विचारायला लागली. नागपूर झालं, नाशिक झालं, हैदराबाद झालं. पोरांनी आपली एक घोषणाच बनवली. वन्संनी गाणं चढवायला घेतलं की पाच हजार तोंडं एका सुरात ओरडायची, "सांभाळ, वहिनी! सांभाळ, वहिनी!" वन्संही त्यावर हसायच्या, हात हलवायच्या. घरी आल्यावर मात्र माळ्यावरच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या.

मिरजेच्या डॉक्टरांनी कान तपासले. विशीतल्या पोरीसारखे आहेत म्हणाले. केतकीला हायसं वाटलं, तर वन्संचं तोंड आणखी उतरलं.

"कान चांगले आहेत म्हणजे डोकंच गेलं म्हणायचं माझं."

"असं काय बोलता! दमलाय तुम्ही. इतके कार्यक्रम झाले."

"घरी जुन्या मशीनवर बसले की सगळं बरोबर येतंय बघ. तिथं गेलं की जातंय. या वयात लोकांची भीती वाटायला लागली की काय मला?" त्या जरा थांबल्या. "पुढच्या वेळेपासून तू सुरू कर. मी आपली मागनं येते."

"काहीतरीच काय!" केतकी कळवळून म्हणाली. "तुम्ही असताना मी पुढं? लोक काय म्हणतील? पहिला मान तुमचाच."

हे ती प्रेमानंच बोलली. त्या वेळी त्याहून चांगलं काही तिला सुचलं नसतं.

मग वन्संनी अवघड गाणी सोडली. ज्या गप्पांसाठी लोक यायचे त्या गप्पाच संपल्या. त्या एखादं सरळसोट, धोपट गाणं लावायच्या, घाबरत घाबरत चढवायच्या, आणि हिच्याकडं बघत राहायच्या. केतकीचा हात चोवीस तास तयार असायचा. स्वप्नातसुद्धा ती तबकडीला बोटं लावायची. आणि मनातून, अगदी आतून, तिला ते आवडायलाही लागलं होतं. पाच हजार लोक आपलं नाव घेतात ते काय वाईट लागतं? तिला त्याची लाज वाटायची, पण आवडायचं खरं.

दहा महिन्यांनी पुण्याला सबनीसबाईंनी तिला जेवायला बोलावलं. एकटीला. त्यांचा शोधनिबंध स्वीकारला गेला होता, त्या आनंदात होत्या.

"तुम्हाला मानलं पाहिजे हं, केतकीताई. इतके महिने त्यांना पत्ता लागू दिला नाहीत."

"कसला पत्ता?"

"दुवा ठेका मागं खेचतो, त्या खेचीचा." सबनीसबाईंनी घास खाली ठेवला. "तुम्हाला अंदाज आला असेल असं मी धरून चालले होते. इतकं चांगलं सावरता तुम्ही."

मग जे कळलं ते असं. दीडशे कार्यक्रमांच्या मोजणीत सबनीसबाईंना सांध्यापेक्षाही वर चढलेले काही क्षण दिसले होते. एकीचा ठेका सुटला आणि दुसरीनं तो सावरला, असे ते क्षण. माणसानं माणसाला पडता पडता धरलेलं बघितलं की बघणाऱ्याच्या मेंदूत जे होतं ते दुसऱ्या कशानं होत नाही. त्यांनी काही कलाकारांना मुद्दाम चुकायला सांगून बघितलं. लोकांवर काही परिणाम झाला नाही. चूक ठरवून केलेली असली की ती कधी येणार हे सावरणारीला ठाऊक असतं, म्हणून तिचा हात किंचित लवकर येतो, आणि लोकांना कळलं नाही तरी त्यांच्या मेंदूला ते कळतं. चूक खरीच व्हायला हवी होती. मग दुवा बनला. दुवा पहिलीच्या हेडफोनमध्ये आणि तिच्या पायाशी असलेल्या स्पीकरमध्ये गाण्यांचं अंतर एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांनी सरकवायचा. तिला ठेका जुळलेला ऐकू यायचा, बाहेर मात्र तो सुटलेला असायचा. दुसरीला मात्र सगळं जसंच्या तसं ऐकू यायचं.

केतकीनं ताट बाजूला सारलं. "तुम्ही वन्संना फसवलंत?"

"दोघींनी होकार दिला होता, ताई. नेमकं काय ते सांगणार नाही, हेही मी सांगितलं होतं." त्यांचा आवाज खाली आला. "आणि पहिली कोण ते तुम्हीच सांगितलंत ना."

मान दिला होता हो तिनं. मान! पहिल्या पंगतीला बसवावं, पहिला विडा द्यावा, तसा. त्याचा असा अर्थ निघतो हे तिला कुठून कळणार होतं?

"मला करा पहिली," ती म्हणाली. "आजपासून मला. माझा सोडवा ठेका."

"तुम्हाला आता कळलंय. तुमचा हात सावध राहील. उपयोग नाही व्हायचा."

"मग बंद करा ते. आत्ताच्या आत्ता."

सबनीसबाई काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तिथंच टॅब काढला आणि दुवा बंद केला. डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून होतं. केतकी चपला न काढता माळ्यावर धावली. वन्सं जुन्या मशीनसमोर नुसत्याच बसल्या होत्या. केतकीनं त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं, रडत रडत, मागचं पुढं करत.

वन्संनी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे माझं डोकं गेलं नव्हतं! अगं, मला वाटलं मी आता अशीच संपत जाणार. रोज रात्री पडून हेच घोकत होते मी. त्या बाईच्या... जाऊ दे, तोंडात वाईट येतंय माझ्या." त्यांनी केतकीच्या पाठीवर जोरात थाप मारली. "रडतेस काय, वेडे! तू काय केलंस? मानच दिलास ना? ऊठ. बस इथं. आज तुला दाखवते ठेका कशाला म्हणतात."

दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या सरळ बसल्या होत्या. त्यांनी एक जुनं गाणं लावलं, मग दुसरं, खूप अवघड, ज्याला त्यांनी इतके दिवस हात लावला नव्हता. ते पहिल्यावर चढवायला घेतलं. डोळे मिटले. मान डोलायला लागली.

इथं दुवा नव्हता. जुनं मशीन, जुने स्पीकर, माळ्यावरची खोली. आणि ठेका सुटलेला होता. थोडासाच, पण सुटलेला. दुसरं गाणं पहिल्याच्या किंचित मागं पडत होतं.

केतकीनं चेहरा तसाच ठेवायचा खूप प्रयत्न केला. पण वन्संनी डोळे उघडले आणि दहा वर्षं जो चेहरा वाचत आल्या होत्या तो वाचला. त्यांनी गाणं बंद केलं.

"खरं सांग."

केतकीनं फोन उचलला आणि सबनीसबाईंना लावला.

सबनीसबाईंनी फोनवर सांगितलं तेही सरळच होतं. मेंदूला वेळ दाखवणारं घड्याळ बाहेर कुठं नसतं. कान जे सांगतात, हात जे करतात आणि समोर जे घडतं, त्यांचा मेळ घालून तो आपली वेळ लावून घेतो. जे सतत उशिरा येतं त्यालाच तो हळूहळू बरोबर म्हणायला लागतो. थोड्या वेळासाठी फसवलं तर काही तासांत पूर्ववत होतो. पण दहा महिने, तेही आठवड्यातून चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी लोकांच्या जल्लोषाची मोहोर त्यावर उमटलेली, असं आधी कुणाच्या बाबतीत झालंच नव्हतं. परत येईल का? येईल कदाचित. वर्ष लागेल, पाच लागतील. औषध? औषध कसलं. मापात इतका छोटा फरक आहे की दुसऱ्या कुणाला आयुष्यात तो जाणवणारही नाही.

"दुसऱ्या कुणाला," वन्सं म्हणाल्या.

त्या आठवडाभर माळ्यावर गेल्या नाहीत. भरतेश म्हणाला, आता पुरे, घरी बसा, आहे ते पुष्कळ आहे. वन्संनी ऐकून घेतलं. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "शिरोळचा कार्यक्रम ठरलेला आहे न्हवं? तो करायचा."

"वन्सं, कशाला?"

"दुवा नसू दे. माझं मी वाजवणार. एकदाच. बिघडलं तर बिघडू दे, पण ते माझं बिघडलेलं असू दे. दहा महिने माझी चूकसुद्धा माझी नव्हती केतकी." त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. "आणि तू हात लावायचा नाहीस. काय वाटेल ते झालं तरी. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

केतकीनं शपथ घेतली. मनापासून घेतली.

कारखाना तोच, आवार तेच. या वेळी लोक दुपटीनं आलेले. दुवा बंद होता, पण लोकांच्या हातांत पट्ट्या होत्या आणि डोक्यात तीच आशा. सुरुवात वन्संनीच केली. दोघींनी चार-पाच गाणी एकमेकींच्या हातात दिली आणि वन्सं जपून वाजवत होत्या, तोवर सगळं निभावलं. मग वन्संनी ते अवघड गाणं काढलं. केतकीकडं एकदा बघितलं. केतकीनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसरा हात घट्ट धरला.

वन्संनी गाणं चढवलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं समाधान आलं. त्यांना ते एकदम बरोबर ऐकू येत होतं, हे केतकीला त्या चेहऱ्यावरनं कळलं. दोन्ही गाणी त्यांच्या डोक्यात एकावर एक बसली होती, सुरेख, नेमकी, जशी वरातीच्या दिवशी बसली होती. फक्त त्यांच्या डोक्यात.

बाहेर ठेका सुटलेला होता. लोक ओरडायला लागले, "सांभाळ, वहिनी!" हसत हसत, टाळ्या वाजवत. केतकी हलली नाही. घोषणा वाढली. ठोके आणखी लांब गेले. पाय गुंतायला लागले, नाच थांबला. हसणं बदललं. कुणीतरी शिट्टी मारली, ती कौतुकाची नव्हती. "झोप लागली काय, आजी?" असं एक कार्टं ओरडलं, आणि आजूबाजूची खदाखदा हसली. वन्सं डोळे मिटून डोलतच होत्या. त्यांच्या कानांवर हेडफोन होते, त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. इतक्या आनंदात त्यांना केतकीनं वर्षभरात बघितलं नव्हतं.

शपथ आहे, केतकी स्वतःला म्हणत होती. शपथ आहे, शपथ आहे. अजून एक मिनिटभर त्यांचं त्यांना मिळू दे. मग त्या स्वतःच गाणं उतरवतील. तेवढं एक मिनिट.

दुसरी शिट्टी आली, मग पाण्याची एक रिकामी बाटली येऊन टेबलाच्या पायाशी पडली.

तिचा हात कधी सुटला ते तिलाही कळलं नाही. दोन बोटं तबकडीच्या कडेला टेकली, गाणं हलकेच पुढं गेलं, आणि ठोक्यावर ठोका बसला.

आवार फुटलं. माणसं माणसांच्या खांद्यावर चढली. हजारो मनगटांवरच्या पट्ट्या एकदम लखलखल्या. सबनीसबाईंच्या पडद्यावर त्या दिवशी जो आकडा आला तो पुढं कुठल्याच कार्यक्रमात आला नाही म्हणे.

त्या गलक्यानं वन्संनी डोळे उघडले. समोर नाचणाऱ्या लोकांकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की केतकीला तिथंच मरून जावंसं वाटलं. मग त्यांची नजर खाली आली. आपल्या डेकवर, केतकीच्या बोटांवर.

"वन्सं..." केतकी म्हणाली.

वन्सं रागावल्या नाहीत. त्यांनी हेडफोन काढले, टेबलावर ठेवले आणि दोन पावलं मागं सरकून भावजयीसाठी जागा केली. मग लोकांसारखं त्यांनीही हसत हसत टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्या आवाराच्या टाळ्या एका ठेक्यात पडत होत्या. वन्संची टाळी प्रत्येक वेळी थोडीशी मागनं येत होती, आणि त्या ती मोठ्या समाधानानं वाजवत होत्या.